स्तब्ध पाण्यातली गिरकी

सोलापुरात, शुक्रवार पेठेत राहून समुद्रावर बोलायचे म्हणजे धाडसच. आमचे पाणी म्हणजे सिद्धेश्वर तळे आणि नळाला येईल तेवढे. पण आजची गोष्ट सुरू होते मुंबई बंदरात.

सप्टेंबर १९२१. 'नरकुंडा' ही बोट इंग्लंडहून येऊन बंदरात लागली होती. तिच्यावर चंद्रशेखर व्यंकट रामन हे बत्तीस वर्षांचे प्राध्यापक होते. खोल समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात दिसणारे आभाळच, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते, आणि रॅले म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द. रामन यांनी प्रवासात निकोलचा लोलक डोळ्याला लावून पाण्यावरून परतणारा आभाळाचा उजेड अडवला. निळाई गेली नाही, उलट गडद झाली. २६ तारखेला बोटीवरूनच त्यांनी 'नेचर'ला पत्र लिहिले, की पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात. पाणी तांबडा उजेड शोषून घेते, हाही त्या निळाईतला मोठा वाटा आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. पण तो रंग नुसती आभाळाची उसनवारी नाही, हे रामन यांचे म्हणणे टिकले.

आता मी पडलो बी.ए.चा माणूस आणि कवी. मला भुरळ घातली ती पुढच्या प्रश्नाने. हे विखुरणारे रेणू जागच्या जागी बसलेले असतात काय?

आपल्या चटणीतला शेंगदाणा घ्या. तो फिरवला तर कधी लांबट दिसतो, कधी गोल. बुंदीचा लाडू कसाही फिरवा, तसाच. पुष्कळ द्रवांचे रेणू शेंगदाण्यासारखे असतात. बेंझीनचा तर चपटा, चकतीसारखा. असा रेणू गिरकी घेतो तेव्हा त्याच्याकडून येणारा प्रकाश कमीजास्त होत राहतो. आणि एका शुद्ध रंगाचा प्रकाश असा थरथरला, की तो एकाच रंगाचा राहत नाही. वर्णपटातल्या त्याच्या बारीक रेषेच्या दोन्ही बाजूंना पुसट पट्टा पसरतो. १९२८ साली, म्हणजे 'रामन परिणाम' सापडला त्याच वर्षी, कोलकात्यात रामन आणि के. एस. कृष्णन यांनी या पट्ट्याचा संबंध रेणूंच्या फिरण्याशी जोडला. नोबेलच्या झगमगाटात ही गोष्ट जरा मागे पडली, असे मला वाटते.

गिरकी जितकी जलद, तितका पट्टा रुंद. सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा. पातळ द्रवातला लहानसा रेणू त्यातल्या काही मोजक्या भागांतच आपली दिशा बदलतो. द्रव घट्ट झाला की गिरकी मंदावते आणि पट्टा आक्रसतो.

पण रेणू एकटा फिरत नाही. सीना नदीच्या काठाशी वाहणारी काडी पाहिली आहे ना? काठाजवळ पाणी सावकाश, मध्ये जोरात. त्या फरकानेच काडी वळते. द्रवाच्या आतही उष्णतेमुळे असे सूक्ष्म थर एकमेकांवरून सतत सरकत असतात. ते रेणूंना वळवतात, आणि वळणारे रेणू थरांना ओढतात. १९६७ साली मॉस्कोत फाबेलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या पुसट पट्ट्याच्या मध्यभागी याची खूण सापडली. पट्टा तिथे दुभंगलेला होता. वाहणे आणि फिरणे यांची गाठ अशी उजेडात उमटलेली!

तिसरी हालचाल ध्वनीची. कुणी बोलत नसले तरी द्रवातून दाबाच्या बारीक लहरी धावतच असतात. त्यांच्यावरून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता लाखात एखाद्या भागाइतकी सरकते, एका बाजूला वाढते, दुसऱ्या बाजूला घटते. फ्रान्सच्या ब्रिलुआँ यांनी १९२२ साली हे भाकीत केले आणि १९३० साली लेनिनग्राडमध्ये ग्रॉस यांनी ते प्रत्यक्ष पाहिले. ही सरक मोजली, की त्या द्रवात ध्वनी किती वेगाने जातो ते कळते, आत काहीही न बुडवता.

याच मोजणीने आता संशोधक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा ताठपणा तपासतात. काही रुग्णांत हा पडदा मऊ पडून शंकूसारखा पुढे येतो आणि दिसणे बिघडते. मऊपणा कुठे आहे, हे विखुरलेला उजेड सांगतो, डोळ्याला स्पर्शही न करता.