परवाना आहे, पण सराव?

(हिगाशी-कसाई येथील मराठी मंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सामाजिक प्रश्नांवर बोलणाऱ्या या बैठकीत आज मोटारसायकलचा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. कारण साधे आहे. आपल्यापैकी बरेच जण पुण्यात, नाशकात, नागपुरात कॉलेजच्या दिवसांत स्प्लेंडर नाहीतर स्कूटी चालवत होते. जपानला आल्यावर तोझाई लाइनने सगळी सोय झाली आणि दुचाकी सुटली. आता चाळिशी आली, हातात चार पैसे आले, आणि पुन्हा गाडी घ्यावी असे वाटू लागले आहे. जपानीत अशा माणसाला 'रिटर्न रायडर' म्हणतात. नुसत्या कागदावर परवाना असलेल्यालाही इथे शब्द आहे, 'पेपर ड्रायव्हर'. आपण बहुतेक जण एकाच वेळी दोन्ही आहोत.

आधी कायद्याचे बोलू. भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये प्रवेशापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. दिवाळीला दोन आठवडे घरी जाऊन नवा परवाना आणला म्हणजे मुदत पुन्हा सुरू होते, हा गैरसमज आहे. इथल्या रहिवाशाला त्यासाठी निदान ३ महिने जपानबाहेर राहावे लागते. मुदत संपल्यावर गाडी चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड आहे. भारतीय परवाना बदलून घेण्याची सोय आहे, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून ती कडक झाली. पूर्वी लेखी परीक्षेत १० प्रश्न असत आणि ७ बरोबर आले की पुरे. आता ५० प्रश्न असतात आणि ४५ बरोबर यावे लागतात. मैत्रिणींसाठी एक सूचना: आपली ११० सीसीची साधी स्कूटर इथल्या मोटारीच्या परवान्यावर चालत नाही. तिच्यासाठी १२५ सीसीपर्यंतचा वेगळा परवाना लागतो.

आता मुख्य मुद्दा. परवाना मिळाला तरी हातापायांची सवय परत येत नाही. ती सरावानेच येते. इथल्या परीक्षेत एक अरुंद फळी असते, १५ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद. ४०० सीसीपर्यंतच्या परवान्यासाठी ती ७ सेकंदांपेक्षा कमी वेळात पार करायची नसते. मोठ्या गाडीला १० सेकंद तरी लावावे लागतात. म्हणजे परीक्षा हळू चालवण्याची आहे. क्लच अर्धा धरायचा, मागचा ब्रेक हलका दाबायचा, नजर चाकाजवळ न ठेवता लांब ठेवायची. पुण्याच्या गर्दीत आपण हे पाय टेकवून भागवत होतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. आपल्याकडे अनेकांना लहानपणी सांगितलेले असते, 'पुढचा ब्रेक मारू नकोस, पडशील.' प्रत्यक्षात ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते आणि गाडी थांबवण्याचे बरेचसे काम तेच चाक करते. परीक्षेत ताशी ४० किलोमीटर वेगावरून कोरड्या रस्त्यावर ११ मीटरच्या आत थांबावे लागते. मात्र हे ११ मीटर ब्रेक लागल्यानंतरचे. या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोरचे दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर एकूण २२ मीटर झाले. वय वाढले की तो सेकंद लांबतो. हे कोणाच्याही अभिमानाने बदलत नाही.

तिसरी गोष्ट रस्ता वाचण्याची. जपानमध्येही डावीकडूनच वाहतूक असल्यामुळे सगळे ओळखीचे वाटते आणि तिथेच घात होतो. कान्नाना रस्त्यासारख्या मोठ्या चौकात समोरून उजवीकडे वळणारी मोटार ही दुचाकीची जुनी वैरी आहे. दुचाकी लहान दिसते, म्हणून ती लांब आहे आणि हळू येते आहे असे मोटारवाल्याला वाटते. दुसरा प्रकार म्हणजे 'थँक्यू अपघात'. थांबलेल्या रांगेतली एक मोटार सौजन्याने समोरच्याला वळायला वाट देते, तो आभार मानत वळतो आणि रांगेच्या कडेने घुसणारी दुचाकी त्याच्यावर आदळते. रांगेच्या कडेने घुसणे हा तर आपला राष्ट्रीय खेळ!

हे सगळे शिकायला वर्ग आहेत. टोकियोचे पोलीस दुचाकीस्वारांसाठी प्रात्यक्षिक वर्ग घेतात आणि 'शिरोबाई' म्हणजे पांढऱ्या मोटारसायकलवरचे वाहतूक पोलीस शिकवायला असतात. यामाहासारख्या कंपन्या परतणाऱ्या चालकांसाठी धडे देतात. अनेक ड्रायव्हिंग स्कूलमध्येही परवानाधारकांसाठी तासिका असतात. बहुतेक ठिकाणी शिकवणे जपानीत चालते, म्हणून दोघा-तिघांनी मिळून जावे आणि बरे जपानी येणाऱ्याने बाकीच्यांना सांभाळून घ्यावे. हेल्मेटचा पट्टा नीट आवळा आणि छातीचे संरक्षक कवचही घ्या. जीवघेण्या दुखापतींत डोक्यानंतर छातीचा क्रमांक लागतो.

काही जण म्हणतील, 'वेळ आली की कोण थांबवणार?' आकडे बघा. १९७० साली जपानमध्ये रस्त्यांवर १६,७६५ माणसे मेली. त्याच वर्षी वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा झाला. रस्ते, शिक्षण, कायदा, उपचार या सगळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या काम झाले. २०२२ साली हा आकडा २,६१० होता. त्याच वर्षी भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. मोजण्याची पद्धत थोडी वेगळी आहे आणि लोकसंख्येचा फरक मोठा आहे. पण ५० वर्षांत जपानी माणसाचे नशीब पालटले, असे कोणी म्हणणार आहे का? पालटली ती व्यवस्था आणि सवय.

शेवटी, परदेशातल्या आपल्या संसाराचा विचार करा. अनेकांच्या घरी जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा एकाच कमावत्या माणसाच्या आधारावर आहे. तो माणूस गेला तर दुःखाबरोबर इथे राहण्याचा आधारही जातो. गाडी जरूर घ्या, हौसेला वय नसते. पण गाडीच्या दुकानात जाण्याआधी वर्गात नाव घाला, आणि या उन्हाळ्यात भारतात जाल तेव्हा पुढचा ब्रेक कसा लावायचा हे घरच्या तरुण मुलामुलींनाही दाखवा.