डोंगराचे गुपित आणि ओढ्याचा गाळ



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले, म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवरच बोलणार, असे गृहीत धरून आपण आला असाल. आज आम्ही त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते दूरच्या डोंगरात दडलेला धातू माणूस कसा हुडकून काढतो, यावर. विषय शास्त्राचा आहे आणि आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा दहावीलाच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते १८९३ पासून ठाण्यात उभ्या असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी, पाळी संपल्यावर.

या विषयाकडे आम्ही वळलो ते कामाच्याच वाटेने. इथले कारखाने एकामागून एक बंद पडले, तेव्हा आमच्या संघटनेतले काही तरुण विदर्भात जमिनीला भोके पाडणाऱ्या यंत्रांवर कंत्राटी कामाला गेले. सणाला घरी आले की ते सांगत, "भाऊ, आम्ही ओढ्यातला चिखल पिशवीत भरतो, वर नंबर घालतो आणि पाठीवरून खाली आणतो. त्याचे पुढे काय होते, ते आम्हांला कुणी सांगत नाही." त्या पिशवीचे पुढे काय होते, हाच आजच्या भाषणाचा विषय समजा.

धातू शोधण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालचे पाणी कसे ओळखावे यावर एक अख्खा अध्याय लिहिला आहे. अमुक झाड, त्याच्या अमुक बाजूस वारूळ, तर इतक्या खोलीवर पाणी, असा त्याचा हिशेब. त्यातले किती खरे, किती खोटे हा वाद बाजूला ठेवू. परंतु मुद्दा पक्का आहे: खाली जे आहे त्याची खूण वर उमटते. आजही काही देशांत सोन्याच्या शोधासाठी वारुळाची माती तपासतात. वाळवी खोलवरून मातीचा कण न् कण वर आणते, तेव्हा फुकटात खोदाई करणारा असा कामगार दुसरा कोण मिळणार? आफ्रिकेतील तांब्याच्या पट्ट्यात काही रोपटी अशी आहेत, की जिथे मातीत तांबे जास्त तिथेच ती फोफावतात. तिथले शोधक त्या फुलांच्या मागावर राहत.

या खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या झाल्या. डोळ्यांना न दिसणारी खूण वाचण्याचे शास्त्र म्हणजे भूरसायन. १९३० नंतरच्या दशकात सोव्हिएत रशियात आणि उत्तर युरोपात त्याची पद्धतशीर सुरुवात झाली. तत्त्व इतके सोपे, की आपल्या घरच्या चुलीजवळ बसून समजावे. डोंगराच्या पोटात तांब्याची शीर आहे असे समजा. पाऊस पडतो, ऊन तापते, दगड फुटतो, कुजतो. त्यातले तांबे थोडे पाण्यात विरघळते, थोडे मातीच्या कणांना चिकटते आणि उताराने ओढ्यात येते. ओढा डोंगराचा सगळा उतार झाडून आणतो. म्हणून त्याच्या तळचा मूठभर गाळ घेतला, म्हणजे वरच्या साऱ्या डोंगराचा थोडा थोडा अंश हातात आला. आमच्या भाषेत सांगायचे तर शिताने भाताची परीक्षा!

मात्र हे शीत फार बारीक असते. इथे मोजमाप दशलक्षांशात चालते. एक टन मातीत एक ग्रॅम धातू, म्हणजे दशलक्षांत एक भाग. सोन्याचा शोध तर त्याच्याही हजाराव्या हिश्शात चालतो. पुष्कळदा सोने स्वतः सापडत नाही. पण त्याच्याबरोबर राहणारे आर्सेनिक सापडते. ज्याला पकडायचे तो लपतो, पण त्याचा सोबती रस्त्यावर दिसतो. अशा सोबत्यांना आम्ही वाटाडे म्हणतो.

आता एक गंमत ऐका. आपल्या पारसिकच्या किंवा येऊरच्या डोंगरातला काळा दगड तपासला, तर त्यात तांबे दशलक्षांत शंभराच्या वर, कित्येकदा दोनशेच्या आसपास निघते. मग माजिवड्यात तांब्याची खाण काढावी काय? नाही. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग त्याने झाकलेला आहे, आणि इतके तांबे त्याच्या अंगचेच असते. खाण परवडायची तर तांबे टक्क्याच्या घरात हवे, म्हणजे दशलक्षांत दहा हजारांच्या आसपास. आपल्या शेजारी बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची खाण आहे, तिथे ते तसे आहे. पण पूर्व विदर्भातल्या ज्या ओढ्यांत एरवी दहा-वीस भागच तांबे सापडते, तिथे एका ओढ्यात दीडशे आले, तर भूवैज्ञानिक झोपेतून उठतो! आकडा मोठा की लहान हे महत्त्वाचे नाही, तर तो आपल्या शेजारच्या आकड्यांहून वेगळा आहे की नाही, हे महत्त्वाचे. मजुरीचेही तसेच आहे. एका खात्यातला पगार दुसऱ्या खात्याशी ताडून पाहिल्यावाचून अन्याय उमगत नाही.

ही पिशवी भरण्याची रीतही ऐकण्याजोगी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ सालची. तिने देशाच्या नकाशावर चौकटी आखून गाळाचे नमुने घेण्याचे काम या शतकात हाती घेतले. दोन किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद अशी एक चौकट, आणि तिच्यामागे एक नमुना. नमुना घेणाऱ्याच्या हातात अंगठी नसावी, कारण सोन्याचा एक कण गाळात पडला तर नसलेली खाण कागदावर उगवेल. जस्ताचा मुलामा दिलेली चाळणी चालत नाही, नायलॉनची लागते. गाळ उन्हात सुकवायचा, बारीक जाळीतून चाळायचा, ढीग करून त्याच्या चार वाटण्या करायच्या, समोरासमोरच्या दोन ठेवायच्या, दोन टाकायच्या, आणि असे करीत ओंजळभर उरवायचे. काही ठिकाणी एकाच जागेचे दोन नमुने वेगळ्या नंबरांनी पाठवायचे, म्हणजे प्रयोगशाळेची चूक पकडता येते. मग दगड दळणे, अम्लराजात विरघळविणे आणि यंत्राने साठहून अधिक मूलद्रव्ये मोजणे.

यातली निम्मी कामे शास्त्राची, पण निम्मी हमालीची आहेत. चढ चढून जाणे, विंचू-सापांतून वाट काढणे, पाठीवर दगड आणणे, दगड दळणाऱ्या यंत्रापाशी उभे राहणे. गारगोटीच्या दगडाची ती धूळ फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग सरकारला कळवलाच पाहिजे अशा रोगांच्या यादीत घातला होता, इतका तो जुना वैरी आहे. एकदा जडला की तो बरा होत नाही. उपाय एकच, धूळ उडू न देणे: पाणी मारणे, धूळ ओढून घेणारा पंखा, नाकातोंडावर चांगला मुखवटा. एका कंत्राटदाराकडे (नाव घेत नाही) आमच्या पोरांना मुखवटा म्हणून जुना रुमाल मिळत असे. अहवालात धातूचा आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत असतो. दळणाऱ्याच्या छातीत किती धूळ गेली, त्याचा मात्र एकही आकडा नसतो.

आता महाराष्ट्रात हे सारे कुठे चालते ते पाहू. लाव्ह्याने जे दोन कोपरे झाकले नाहीत, म्हणजे दक्षिणेस सिंधुदुर्ग आणि पूर्वेस नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, तिथेच आपली खनिजे आहेत. नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज शंभराहून अधिक वर्षे निघते आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांबे, नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टन. ही नावे शोधकांच्या वह्यांत जुनी आहेत. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर मात्र वेगळा. तिथले लोहखनिज डोळ्यांना दिसते. त्याला रसायनाची गरज नाही. तिथे माडिया समाजाचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत त्याची यात्रा भरते. त्या डोंगरावर २००७ साली खाणपट्टा दिला गेला. त्यावरून लोकांचा विरोध झाला, माओवाद्यांचा हिंसाचार झाला, २०१६ च्या डिसेंबरात कित्येक ट्रक जाळले गेले आणि २०२१ मध्ये खाण पुन्हा सुरू झाली. खाणीने रोजगार दिला असे म्हणणारेही तिथे आहेत आणि डोंगर गेला असे म्हणणारेही आहेत. दोघांचेही ऐकून घ्यावे, असे आमचे मत आहे.

पण आम्ही विचारतो ते खाणीच्या आधीचे. डोंगराचे गुपित प्रथम कुणाला कळते? पिशवी ज्याने उचलली त्याला नाही. ज्याच्या ओढ्यातून ती भरली त्यालाही नाही. कायदा काय सांगतो? १९९६ च्या पेसा कायद्यात पूर्वेक्षणाच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे, पण ती फक्त गौण खनिजांसाठी, म्हणजे मुरूम, वाळू, दगड यांच्यासाठी. मुरुमाला ग्रामसभा लागते, तांब्याला लागत नाही! २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे केंद्राने घातलेल्या अटींवर केलेली पाहणी आणि पूर्वेक्षण ही कामे वनेतर वापरात धरली जात नाहीत. त्याच साली खाणकायद्यातही दुरुस्ती होऊन तांबे, सोने, जस्त अशा २९ खनिजांच्या शोधासाठी लिलावाने नवा परवाना आला; शोध लागला तर पुढच्या लिलावाच्या रकमेत शोधणाऱ्याला वाटा मिळतो. शोधणाऱ्याला वाटा मिळावा, याला आमची हरकत नाही. ज्याने जन्मभर तो डोंगर राखला त्याला निदान वार्ता तरी मिळावी, एवढेच आमचे म्हणणे.

हे म्हणणे वेडगळ नाही. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइटबाबत १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही जणींनी नकार दिला. साता समुद्रांपलीकडे, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कुणीही घरबसल्या नकाशावर बोट ठेवून दूरच्या डोंगरावर खनिजाचा हक्क नोंदवू शकत असे. २०२३ च्या सप्टेंबरात तिथल्या न्यायालयाने सांगितले, की असा हक्क देण्याआधी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांशी सल्लामसलत करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. म्हणजे खोदाईच्या आधी, नकाशावरच्या चौकटीच्याही आधी!

कुणी म्हणेल, माहिती तर आता खुली आहे. खरे आहे. सर्वेक्षणाची पुष्कळ माहिती सरकारने संगणकावर सर्वांसाठी ठेवली आहे आणि त्याबद्दल सरकारचे आभार मानले पाहिजेत. परंतु ती इंग्रजीत आहे, आकड्यांच्या रकान्यांत आहे. एटापल्लीच्या माणसाला ती खुली म्हणजे विहीर खुली, पण दोर नाही! २०१५ पासून खाणवाल्यांनी स्वामित्वधनाच्या दहा किंवा तीस टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे बाधितांसाठी भरायची असते. तो पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरविणारानेही आधी डोंगरात काय आहे, ओढ्यात काय उतरते आहे, ते जाणले पाहिजे.

आणि माजिवडेकरांनो, हे लांबचे आहे असे समजू नका. ज्या रीतीने डोंगराचा ओढा तपासतात, त्याच रीतीने कारखान्यांचा ओढाही तपासता येतो. वालधुनी, उल्हास आणि ठाण्याची खाडी आपल्या शहरांचा सगळा उतार झाडून नेतात. गाळातला पारा, शिसे, क्रोमियम यांचा चढा आकडा कुठून सुरू होतो, ते नाल्यानाल्याने वर चढत गेले की कळते. शोधक शिरेपर्यंत असाच पोहोचतो. शास्त्र तेच, फक्त इथे सापडलेला धातू कुणी लिलावात मागणार नाही! तो आपल्याच ताटातल्या मासळीत येतो. म्हणून गडचिरोलीच्या माणसाने जो कागद मागायचा, तोच आपणही मागायचा आहे.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, ज्या गावच्या शिवारातून नमुना उचलला, त्या गावच्या ग्रामसभेत त्याचा निष्कर्ष लोकांच्या बोलीत वाचून दाखवावा, मग खनिज गौण असो वा मोठे. दुसरी, नमुने वाहणाऱ्या आणि दळणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या छातीची तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिचा कागद त्यांच्याच हाती द्यावा. तिसरी, आपल्या खाडीच्या आणि नद्यांच्या गाळाचे आकडे दरवर्षी मराठीत, नगरपालिकेच्या फलकावर लागावेत. यांतली एकही मागणी खाणीच्या विरुद्ध नाही, शास्त्राच्या तर मुळीच नाही. तांबे आम्हांलाही हवे आहे; या सभागृहातली विजेची तार तांब्यावाचून आली नसती. शास्त्राने डोंगराला बोलते केले आहे. ते बोलणे ऐकण्याचा पहिला मान डोंगराखाली राहणाऱ्याचा आणि पिशवी वाहणाऱ्याचा आहे.