सहा तारांची बास गिटार : घरी वाजवण्यासाठी कशी निवडावी?



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. पेटी, तबला, फार तर सतार, इथपर्यंत ठीक; पण सहा तारांची बास गिटार आणि आमचे गाव यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो माझ्या दारी चालत आला. दोन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. वडील सुतारकाम करतात. मुलाने कॉलेजच्या वाद्यवृंदात, कॉलेजच्याच बासवर, दोन वर्षे हात बसवला होता. पदवी पदरात पडली, वाद्य परत करावे लागले, आणि आता त्याला स्वतःचे हवे होते. तेही चार तारांचे नव्हे, सहा तारांचे. मिस्त्रींनी विजेचा रंधा घेण्यासाठी थोडे पैसे बाजूला टाकले होते. ते म्हणाले, "सर, रंधा वर्षभर थांबंल. पण वस्तू फसवी निघाली तर पैसा तर जाईलच, आन् पोराचं मनबी मोडंल. तुम्ही सांगाल तसं करू."

ते माझ्याकडे आले याचे कारण मी मोठा वादक आहे हे नव्हे. मी एकदा फसलो आहे, हे त्यांना ठाऊक होते. माझी फजिती पुढे सांगतोच. आधी हे वाद्य कोणते ते पाहू.

तंबोऱ्याचा खर्ज आपल्या परिचयाचा आहे. गाणाऱ्याच्या पाठीशी तो नसला तर गाणे अधांतरी वाटते. वाद्यवृंदात हेच काम बास गिटार करते. १९५१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लिओ फेंडर यांनी आपली पडद्यांची, विजेवर चालणारी बास बाजारात आणली, आणि तिचा प्रसार जगभर झाला. तिला चार तारा. जाड तारेपासून ई, ए, डी, जी अशा त्या जुळवतात. प्रत्येक पुढची तार ही आधीच्या तारेचा मध्यम असते. आधीच्या तारेला सा म्हणा, पुढची आपोआप म झाली.

आता सहा तारा कशा झाल्या? खाली एक आणखी जाड तार, बी. आणि वर एक बारीक तार, सी. १९७५ साली न्यूयॉर्कचे वादक अँथनी जॅक्सन यांनी कार्ल थॉम्प्सन या कारागिराकडून अशी बास मुद्दाम बनवून घेतली. मात्र एक सावधगिरी ठेवा. फेंडर यांनीच १९६१ साली सहा तारांची आणखी एक बास काढली होती. ती साध्या गिटारसारखीच, पण एक सप्तक खाली जुळवतात. नाव एकच, वस्तू दोन. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की ही बी पासून सी पर्यंतची आहे ना?

दुसरा प्रश्न मात्र दुकानदाराला नव्हे, स्वतःला विचारायचा आहे. सहा तारा मला हव्यात कशाला? मी मुलाला तेच विचारले. तो म्हणाला, "सर, आता बँड नाही. घरी मी एकटाच. बारीक तारांवर चाल वाजवीन, आणि खालच्या तारेवर खर्ज धरीन." हे उत्तर मला पटले. चार माणसांत वाजवणाऱ्याला चार तारा पुरतात, कारण चाल दुसरा कोणी वाजवत असतो. एकट्याने घरी वाजवताना मात्र वरच्या दोन तारा गाण्याच्या कामी येतात आणि खालची आधाराच्या. पण ज्याने हे वाद्य हातात कधी धरलेच नाही, त्याने चार तारांपासूनच सुरुवात करावी. पैसे कमी लागतात, आणि हातही लवकर बसतो.

कारण सहा तारांची अडचणही तितकीच खरी आहे. चार तारांच्या बासची दांडी वरच्या टोकाला साधारण ३८ ते ४३ मिलिमीटर रुंद असते. सहा तारांची ५४ च्या घरात जाते. लहान हाताच्या माणसाचे बोट जाड तारेपर्यंत पोहोचता पोहोचता मनगट आखडते. शिवाय सतारीच्या तरफा जशा न छेडता बोलतात, तशा इथे मोकळ्या तारा आपणहून बोलू लागतात. सतारीत ती शोभा असते, इथे तो गोंगाट होतो. एक तार वाजवायची आणि बाकीच्या पाच गप्प ठेवायच्या, हीच या वाद्याची अर्धी साधना आहे. तेव्हा दुकानात बसून निदान पंधरा मिनिटे वाद्य मांडीवर घ्या. वजन चार-पाच किलो भरते. पट्टा लावून उभे राहूनही पाहा.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानात मला चकचकीत लाकडाची एक सहा तारांची बास स्वस्तात मिळाली. मी रंग पाहिला, नक्षी पाहिली, आणि घेऊन आलो. घरी आल्यावर कळले की तिची सर्वांत जाड तार सूर देतच नाही; वाळत घातलेल्या धोतरासारखी नुसती फडफडते. तारा खाली घ्याव्या तर पडद्यांवर खरखर, वर घ्याव्या तर बोटांना फोड. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, "दांडीलाच पीळ आहे, याला इलाज नाही." अर्ध्या किमतीत ती विकली. शहाणपणाची फी म्हणून उरलेली अर्धी किंमत मी सोडून दिली.

म्हणून स्वस्त सहा तारांची बास पारखायची असेल तर तिची खालची बी तारच तिची परीक्षा घेते. ही तार सेकंदाला सुमारे ३१ वेळा कंप पावते. ई तार ४१ वेळा. एवढा खालचा सूर स्वच्छ यायचा तर तार जाड हवी, साधारण सव्वातीन मिलिमीटर, आणि घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंतची लांबीही पुरेशी हवी. बहुतेक बासची ती ३४ इंच असते. काही कारागीर खालच्या तारेसाठी ३५ इंच ठेवतात. बी तार छेडा आणि कान द्या. एक स्थिर सूर कानी पडला तर वाद्य पुढे पाहण्याजोगे आहे. नुसती घरघर आली तर एकदा दुसऱ्या तारा चढवून पाहायला सांगा. तरीही घरघर राहिली तर नमस्कार करून उठा.

मग दांडी पाहा. आमच्या मिस्त्रींनी दुकानात जे केले ते मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. त्यांनी बास उचलली, फळी पारखावी तशी डोळ्यापुढे धरली, एक डोळा मिटला आणि दांडीच्या दोन्ही कडांवरून नजर सोडली. "हिला पीळ आहे," ते म्हणाले. मुलाने हौसेने पसंत केलेली हीच ती लालभडक बास होती. विक्रेता गप्प बसला. आता हे नीट ध्यानात घ्या. दांडीला थोडासा बाक असणे वाईट नाही. तारांना कंप पावायला जागा लागते, म्हणून तो मुद्दाम ठेवतात. दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते. तिचा स्क्रू थोडा थोडा, फार तर पाव फेरा, फिरवून बाक कमी-जास्त करता येतो. सहा तारांचा ताण मोठा, म्हणून पुष्कळ बासमध्ये अशा दोन सळया घालतात. पण बाक निघतो, पीळ सहसा निघत नाही.

तिसरी पारख सुराची. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून तार छेडली की एक घंटेसारखा स्वर येतो. मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही स्वर एकच आले पाहिजेत. थोडा फरक असेल तर घोडीवरचा स्क्रू फिरवून तो दूर होतो. मात्र ते काम दुकानातच करून मागा. जुने वाद्य घेत असाल तर पडद्यांवर तारांच्या खाचा पडल्या आहेत का, खुंट्या सूर धरतात का, बटणे फिरवताना करकर होते का, हेही पाहावे. जुने म्हणून भिऊ नये. काही पावसाळे पाहूनही सरळ राहिलेली दांडी कधी कधी नव्यापेक्षा भरवशाची असते.

आता पैशाचा हिशेब. पुष्कळ जण सगळी रक्कम वाद्यात घालतात आणि मग आवाज कशातून काढायचा हा प्रश्न उरतो. माझा ठोकताळा असा : दहा रुपयांतले सात वाद्याला, तीन बाकीच्याला. बाकीचे म्हणजे केबल, पट्टा, पिशवी, सूर जुळवण्याचे यंत्र आणि ऐकण्याची सोय. इथे एक गंमत सांगतो. आपण माझे भाषण लहानशा रेडिओवर ऐकत असाल, तर त्या रेडिओचा स्पीकर सेकंदाला ३१ कंपनांचा सूर जवळजवळ काढूच शकत नाही. लहान अॅम्प्लिफायरचेही तेच. वर, साध्या गिटारच्या अॅम्प्लिफायरवर बास मोठ्याने वाजवली तर त्याचा स्पीकर फाटण्याची भीती. घरच्यासाठी स्वस्त आणि सोयीचा मार्ग म्हणजे हेडफोनला जोडायचे छोटे यंत्र आणि कान झाकणारा बरा हेडफोन. खालचा सूर त्यात चांगला ऐकू येतो, शेजारच्या मुलांचा अभ्यास मोडत नाही, आणि यंत्र बॅटरीवरचे असेल तर वीज गेली तरी रियाज थांबत नाही. पुष्कळ बासच्या पोटातही नऊ व्होल्टची बॅटरी असते. वाजवून झाले की केबल काढून ठेवा, नाहीतर ती उगाच संपते. पावसाळ्यात तारा कोरड्या फडक्याने पुसा. सहा तारांचा संच चारपेक्षा महाग पडतो.

त्या दिवशी लालभडक बास दुकानातच राहिली. कोपऱ्यातली एक मळकट तपकिरी, वापरलेली बास मिस्त्रींच्या नजरेला उतरली. बी तार स्वच्छ बोलली. अॅम्प्लिफायर घेतला नाही, हेडफोनवर भागवले. परतताना मुलगा थोडा हिरमुसला होता, कारण रंग त्याच्या मनासारखा नव्हता.

पुढे एकदा मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा खाली खर्ज धरून वरच्या तारांवर एका अभंगाची चाल वाजवत होता. मिस्त्रींनी एका कानाला हेडफोन लावला होता. मला म्हणाले, "सर, पखवाजाला कणीक लावल्यावर घुमतो ना, तशी ही खालची तार घुमते." कोपऱ्यात त्यांचा जुना हातरंधाच होता. विजेचा रंधा अजून आलेला नव्हता.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, माझी आपणास विनंती एवढीच. एखादा विद्यार्थी अशी नवखी हौस घेऊन आला तर "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे" असे म्हणून त्याला परतवू नका, आणि नुसती शाबासकी देऊनही धाडू नका. कशाला हवे ते विचारा, आणि जमले तर दुकानापर्यंत सोबत जा. त्याच्या हातातले पैसे कुणाच्या तरी रंध्याचे असतात.