कंबरेतील उसण आणि चिनी उपचार
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. जिनिंगमधील हमाल असो, दुकानात पोते सरकविणारा व्यापारी असो की पाण्याची घागर उचलणारी गृहिणी, कंबरेत अचानक उसण भरणे कोणालाच नवे नाही. पूर्वी अशा वेळी पायाळू माणसाला शोधून आणीत आणि त्याचा पाय कंबरेला लावून घेत. बहुतेक उसण काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे पायाळूला यश हमखास मिळे! चिनी उपचारांचे गुण जोखतानाही हे ध्यानी ठेवावे.

या उपचारांशी आपला संबंध अगदीच परका नाही. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून १९५९ मध्ये ते कोलकात्यात आणले.

झटका बसून कंबर धरली म्हणजे तेथील प्राणशक्तीचा व रक्ताचा प्रवाह अडला, असे चिनी वैद्यक मानते. मौज अशी की सुई बहुधा दुखऱ्या जागी प्रथम टोचत नाहीत. हाताच्या पाठीवर बोटांच्या हाडांमध्ये ‘याओथोंग’ नावाचे दोन बिंदू आहेत. याओ म्हणजे कंबर, थोंग म्हणजे वेदना. तेथे सुई ठेवून रुग्णाला उभे करतात आणि कंबर हळूहळू हलवावयास सांगतात. गुडघ्यामागच्या घडीतील ‘वेइझोंग’ हा बिंदूही प्रसिद्ध आहे. जोडीला मर्दन असते, पेले लावणेही असते. आपल्याकडील वैदू तुंबडी लावीत, त्यातलाच हा प्रकार.

सुई, पेला व मर्दन यांत जीवहिंसा नाही. प्रश्न येतो तो औषधांचा. मार लागणे व लचकणे यांवरील चिनी गोळ्यांत वाळविलेली गांडुळे आणि जमिनीतील झुरळासारखे किडे वापरले जातात. काही लेपपट्ट्यांत कस्तुरी असते. पूर्वी वाघाची हाडेही असत. त्यांच्या व्यापारावर चीनने १९९३ मध्ये बंदी घातली. ‘वनौषधी’ एवढ्या शब्दावर विसंबून आपल्या घरात असे औषध येऊ नये. घटकांची यादी समजत नसेल तर ते औषध घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते.

गुणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी शेक, मर्दन व ॲक्युपंक्चर सुचविले, पण ॲक्युपंक्चरचा पुरावा दुबळा असल्याचेही नोंदविले. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले. करावयाचेच असेल तर नोंदणीकृत व्यक्तीकडून आणि दर वेळी नव्या, निर्जंतुक सुईने करावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. अंथरुणावर पडून राहू नये. सोसवेल तेवढे चालावे.

मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पायातील शक्ती गेली, ताप आला अथवा वृद्ध व्यक्ती पडली, तर सुई नको आणि मर्दनही नको. त्याच दिवशी यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा जवळचे अस्थिरोगतज्ज्ञ गाठावेत.