शांताबाईंची जबानी



ज्या मातेचे आज आपण स्मरण करीत आहोत, त्या शांताबाई कृष्णाजी कांबळे १ मार्च १९२३ रोजी सोलापूर जिल्ह्यातील महूद गावी जन्मल्या आणि २५ जानेवारी २०२३ रोजी निवर्तल्या. शंभरी पुरी होण्यास अवघे पाच आठवडे राहिले होते. दीर्घायुष्य अनेकांना लाभते. परंतु त्या आयुष्याबरोबर आपल्या घराची हकिकत लिहून ठेवणारे विरळा.

मी पेशाने वकील आहे, तेव्हा त्याच बाजूने बोलतो. जातीच्या दाखल्यासाठी आपला मनुष्य कचेरीत गेला की त्याला वंशावळ मागतात. बापाचे नाव तो सांगतो, आजोबाचे सांगतो, पणजोबापाशी अडखळतो. ज्यांना जमिनी होत्या त्यांची नावे फेरफारात उतरली. आपल्या वाडवडिलांचे नाव सापडलेच, तर कोतवाल बुकात नाही तर शाळेच्या रजिस्टरात, आणि तेही जात लावून. त्या मनुष्याने कोणत्या हालांत दिवस काढले, कोणत्या उमेदीने मुलीला शाळेत घातले, हे कोणत्याही दप्तरात नाही.

कायद्याला ही अडचण अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. नात्यागोत्याची विशेष माहिती असणाऱ्या व्यक्तीने, वाद उपस्थित होण्यापूर्वी, त्यासंबंधी केलेले विधान तिच्या मृत्यूनंतरही पुराव्यात घेता येते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे ३२ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २६ व्या कलमात आहे. म्हणजे घरातील म्हातारीच्या सांगण्याला कोर्टात किंमत आहे; मात्र ते कोणीतरी वेळेवर ऐकून ठेवलेले असले पाहिजे.

शांताबाईंनी ऐकणाऱ्याची वाट पाहिली नाही. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८३ पासून ‘पूर्वा’ मासिकातून क्रमशः आली, १९८६ साली तिचे पुस्तक झाले, आणि १९९० साली मुंबई दूरदर्शनने तिच्यावर ‘नाजुका’ ही मालिका दाखविली. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ त्याच सुमाराचे. पहिला मान कोणाचा, यावर ज्यांना भांडावयाचे असेल त्यांनी खुशाल भांडावे. त्या दाव्यात मला वकीलपत्र घ्यावयाचे नाही.

त्या नावातील ‘माज्या’ आणि ‘जल्माची’ हे शब्द पाहा. वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरविलेली ही मुलगी १९४२ साली सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाली, १९५७ साली जत तालुक्यात शिक्षणखात्याची अधिकारी झाली आणि १९८१ साली निवृत्त झाली. शुद्ध मराठी त्यांना येत नव्हती असे कोण म्हणेल? जन्मभर त्यांनी तीच शिकविली. तरी आईबापाची गोष्ट त्यांनी आईबापाच्या बोलीत सांगितली. साक्षीदाराची जबानी कारकुनाने शुद्ध करून लिहिली की तिच्यातला साक्षीदार नाहीसा होतो, हा अनुभव मला कोर्टात कितीदा आला आहे.

आणखी एक गोष्ट. घराण्याचा इतिहास लिहिणारा बहुधा घराण्याचा वकील होऊन बसतो. सोयीचे तेवढे मांडतो. शांताबाईंनी तसे केले नाही. पतीने दुसरे लग्न केले, आपण ते घर सोडून माहेरी आलो, हेही त्यांनी लिहिले. मुलेबाळे, सुना-जावई हे वाचणार आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक असूनही त्यांनी लिहिले, यात मला त्यांचे धैर्य दिसते, आणि मुलांवरचा विश्वासही. त्यांचे पुत्र अरुण कांबळे दलित पँथरचे नेते, कवी आणि मुंबई विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. डिसेंबर २००९ मध्ये हैदराबाद येथे त्यांचा अंत झाला. त्यानंतर तेरा वर्षे ही माता जगली.

आता थोडे स्वतःचे सांगतो, सभेने क्षमा करावी. माझी आई जाऊन चार वर्षे झाली. तिला माहेर-सासरच्या पाच पिढ्या तोंडपाठ होत्या. कोणती आत्या कोणत्या गावी दिली, कोणत्या दुष्काळात कोण मुंबईस गिरणीत गेले, सारे ती भाकरी थापताना सांगे. मी शेकडो पक्षकारांच्या जबान्या लिहून घेतल्या. तिची एकही घेतली नाही. उद्या घेऊ, सुट्टीत घेऊ, असे म्हणत राहिलो. गेल्या वर्षी माझ्या मुलीने विचारले, “बाबा, आजीच्या आजीचे नाव काय होते?” मला ते सांगता आले नाही.

पुढे बसलेल्या आजीबाईंना माझी विनंती आहे. सभा संपल्यावर लगेच उठू नका. मी वही बरोबर आणली आहे. आपल्या आईचे नाव, तिच्या आईचे नाव आणि त्यांची गावे सांगा. तुम्ही ज्या शब्दांत सांगाल त्याच शब्दांत मी लिहून घेईन.

जय भीम.