तंबूत उभं राहून साडी नेसता येते का?



२० डिसेंबर जवळ आला की गटांच्या बैठकीत बहिरमचा विषय निघतोच. चांदूर बाजार तालुक्यातली ही यात्रा जानेवारीअखेरपर्यंत चालते, आणि तिथं राहुटी टाकून मुक्काम करायची रीत जुनी आहे. यंदा गटांमधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. मोबाइलवर दिसतात ते घडीचे तंबू गटाच्या पैशातून घ्यावेत का? बहिरमला होतील, आषाढात वारीला होतील, पोरींना चिखलदऱ्याला नेलं तर तिथंही होतील.

आमचं म्हणणं असं की एकच तंबू या तिन्ही ठिकाणी चालत नाही.

बहिरमला थंडी कोरडी असते, मुक्काम एका जागी असतो आणि सामान गाडीनं जातं. तिथं जाड सुती कापडाची राहुटीच बरी. वजन जास्त, पण मधल्या खांबामुळं उभं राहता येतं, म्हातारीला वाकावं लागत नाही. नायलॉनच्या तंबूत रात्री श्वासाची वाफ आतून थेंब होऊन पडते आणि सकाळी पांघरुणं ओली लागतात. सुती कापडात हा त्रास कमी. रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटवाल त्या राहुटीपासून लांब, वारा पाहून. आणि कितीही गारठा असला तरी पेटती शेगडी आत घेऊन झोपू नका. धूर दिसत नाही, पण कोळशाचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

वारीचं गणित वेगळं. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते, शेगावहून गजानन महाराजांची. महिनाभराची वाट, रोज नवा मुक्काम आणि वरून पाऊस. सुती राहुटी भिजली की दोघींना उचलत नाही. इथं वाकत्या काड्यांचा हलका तंबू कामाचा. मात्र त्याला दोन थर हवेत, आतला जाळीचा आणि वरचा पावसाचा. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारी हवी, कारण पावसाळ्यात विंचू-साप कोरडी जागा शोधतात. ‘चार माणसांचा’ म्हणजे चौघी खांद्याला खांदा लावून. गाठोडी धरली तर तिघीच. घेण्याआधी अंगणात उभा करा, एकीनं आत बसावं, बाकीच्यांनी वरून बादल्या ओताव्यात. पाणी आलंच तर शिवणीतून येतं, लगेच कळतं.

पण याची उंची साधारण चार फूट. बसून साडी नेसून पाहा बरं! हे तंबू पँट घालणाऱ्यांसाठी केलेले दिसतात. आपल्या बाया पहाटे अंधारात आडोसा शोधत फिरतात. पाळी येईल या धास्तीनं काही जणी वारीला निघतच नाहीत. म्हणून चार बांबू आणि गडद, जाड कापडाचा, डोक्यावर उंच असा आडोसा दिंडीसोबत हवाच. आम्हाला विचाराल तर पैसे आधी त्यावर घाला, तंबू नंतर.

आणखी एक, आपली काळी जमीन. ओली झाली की आखूड खुंटी लोण्यातून निघावी तशी निघते. हातभर लांब खुंट्या घ्या, नाहीतर मातीनं भरलेल्या पोत्यांना दोर बांधा. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका. डोकावली की वरचं पाणी तीच आत आणते.

चिखलदऱ्याला वारा फार. तिथं बुटका, चारी बाजूंनी दोर ताणता येणारा तंबूच टिकतो. आणि मेळघाटच्या जंगलात मनानं कुठंही तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी असलेल्या जागीच राहा.

आता पैशाचं. वर्षातून आठ दिवसांसाठी राहुटी विकत घेण्यापेक्षा बिछायत केंद्रातून भाड्यानं आणलेली परवडते. तीन-चार गटांनी मिळून घेतली आणि लग्नसराईत भाड्यानं दिली तरच विकत घ्या. घेतलीच, तर ती कुणाच्या घरी राहील आणि परत आल्यावर उन्हात वाळवून, खुंट्या मोजून कोण ठेवेल, हे ठरावातच नावासकट लिहा. ओलं कापड महिनाभर बांधून ठेवलं तर बुरशी खाते, आणि कोरडं असलं तरी कोठीत उंदीर आहेतच.