हद्द मोजून घ्यावी



गवळ्यानें पांच तारखेपासून नऊ तारखेपर्यंत दूध घातलें, तर दिवस किती झाले? नवांतून पांच वजा करून 'चार' म्हणणाऱ्यास गवळी तेथेंच थांबवील. कारण दोन्ही टोकें धरलीं म्हणजे दिवस पांच भरतात. हाच एकाचा फरक संगणकाच्या पोटांत शिरला म्हणजे काय होतें, तें आज सांगावयाचें आहे.

संगणकाला जोडलेल्या यंत्राशीं बोलणाऱ्या दुभाष्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. यंत्राचीं रजिस्टरें, म्हणजे आज्ञा घेण्याच्या व उत्तर देण्याच्या जागा, पत्त्यांच्या एका ठराविक पट्ट्यांत मांडलेलीं असतात. १९९१ सालीं लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्स या प्रणालींत हा पट्टा प्रारंभ आणि शेवट अशा दोन अंकांनीं नोंदतात. प्रारंभ ४०९६ व शेवट ८१९१ असेल, तर लांबी ४०९५ नव्हे. एक मिळवून ती ४०९६ होते.

पण या नियमाचीही एक गंमत आहे. नोंद कोरी राहून दोन्ही अंक शून्य असले, तरी हिशेबानें लांबी एक येते! म्हणून 'लांबी शून्य नाहीं ना?' एवढें पाहणें ही पारख नव्हे.

पीसीआय जातीच्या यंत्राला त्याची हद्द विचारण्याची रीतही मौजेची आहे. पत्त्याच्या रजिस्टरांत सगळे एक लिहून तें परत वाचावयाचें. खुणेचे अंक सोडून जे खालचे अंक यंत्र शून्यच ठेवतें, त्यांवरून लांबी कळते. मात्र हें यंत्राचें स्वतःचें सांगणें झालें. यंत्र सदोष असेल, क्वचित् कोणीं मुद्दाम कपटानें घडविलेलेंही असेल.

तेव्हां ड्रायव्हरनें स्वतःची गरज आधीं मोजावी. शेवटचें रजिस्टर प्रारंभापासून २५२ व्या जागीं असून चार बाइटांचें असेल, तर पट्टा निदान २५६ बाइटांचा हवा. तो १२८ चाच निघाला, तर काम नाकारून चूक कळवावी. 'आजवर चाललें' हा पुरावा धरूं नये. पुष्कळ संगणकांत पत्त्यांची जोडणी ४०९६ बाइटांच्या अखंड पानांनीं होते. त्यामुळें हद्द ओलांडली तरी त्याच वेळीं बोभाटा होईलच असें नाहीं, आणि लिहिलेला अंक शेजारच्या यंत्राच्या रजिस्टरांत जाऊन पडूं शकतो.

सामान्य प्रोग्रॅम चुकला तर बहुधा तो एकटा बंद पडतो. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर मात्र प्रणालीच्या गाभ्यांत, तिच्याच अधिकारानें चालतात. त्यांची चूक सर्व घराला भोंवते. म्हणून दोन ओळींची ही तपासणी कंटाळवाणी वाटली, तरी ती आळसानें गाळूं नये, एवढेंच सांगून आजचें भाषण पुरें करतों.